वीत, सप्तक आणि पट्टी : सातारा-सांगली परिसरातील पट्टीवाद्यांच्या संदर्भात हाताच्या पल्ल्याचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

वाद्याचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष सामान्यतः वाद्याचा उगम, घडण, वादकांची परंपरा आणि राजाश्रय यांकडे जाते. वाद्य ज्या हाताने वाजविले जाते त्या हाताचा विचार मात्र क्वचितच होतो. वास्तविक प्रत्येक वाद्याच्या घडणीत एक हात गृहीत धरलेला असतो. बोटे किती लांब असावीत, अंगठा आणि करंगळी यांत किती अंतर पडावे, एकाच वेळी किती स्वर आवाक्यात यावेत, याची उत्तरे कारागिराने वाद्य घडविण्यापूर्वीच दिलेली असतात. पियानो, ऑर्गन आणि हार्मोनियम या पट्ट्या दाबून वाजविण्याच्या वाद्यांत तर हे गृहीत मोजपट्टीने मोजता येते.

प्रस्तुत लेखात सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या परिसरातील तीन भिन्न परंपरांच्या आधारे हाताच्या पल्ल्याचा विचार केला आहे. पहिली पाचगणीच्या निवासी शाळांतील पियानोशिक्षणाची, दुसरी कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ई. क्लेमेंट्स यांच्या प्रयत्नांतून पुढे आलेल्या श्रुती-हार्मोनियमची आणि तिसरी मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरीची. या तीन परंपरांचा परस्परांशी थेट संबंध अल्प असला, तरी हाताने वाद्याशी जुळवून घ्यावे की वाद्याने हाताशी, या एकाच प्रश्नाला त्यांनी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत.

वीत हे माप आणि पियानोचे सप्तक

हात ताणून अंतर मोजण्याची पद्धत मराठी समाजाला नवी नाही. अंगठा आणि तर्जनी ताणून होते ती टीच, अंगठा आणि करंगळी ताणून होते ती वीत. बारा अंगुळांची एक वीत आणि दोन वितींचा एक हात हे कोष्टक सर्वपरिचित आहे. इंग्रजी मापांशी मेळ घालताना वीत ९ इंचांची, हात १८ इंचांचा आणि अंगुळ पाऊण इंचाचे मानले गेले. मिलिमीटरांत सांगायचे तर वीत सुमारे २२९ आणि अंगुळ सुमारे १९ इतके होते.

पियानोवादनात ज्याला हाताचा पल्ला म्हणतात तो म्हणजे हीच वीत होय. आजच्या प्रमाण पियानोत ८८ पट्ट्या असतात. त्यांतील एका पांढऱ्या पट्टीची रुंदी सुमारे २३.५ मिलिमीटर असते. सात पांढऱ्या पट्ट्यांचे एक सप्तक त्यामुळे साधारण १६५ मिलिमीटर, म्हणजे साडेसहा इंच भरते. षड्ज आणि तार षड्ज एकाच हाताने एकदम वाजवावयाचे तर आठ पांढऱ्या पट्ट्या हाताखाली येतात आणि त्यांच्या बाहेरच्या कडांमधील अंतर १८८ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ७.४ इंच होते. ९ इंचांची वीत असलेल्या वादकाला हे अंतर सहज झेपते.

तथापि ९ इंचांची वीत कोणाची, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. रोंडा बॉयल, रॉबिन बॉयल आणि एरिका बूकर यांनी ४७३ प्रौढ पियानोवादकांच्या हातांची मापे घेऊन २०१५ मध्ये जो अभ्यास मांडला, त्यात पुरुषांचा सरासरी पल्ला ८.९ इंच आणि स्त्रियांचा ७.९ इंच आढळला. वादकांची ही मापे परदेशातील असल्याने ती मराठी माणसांना तंतोतंत लागू पडतील असे नाही. तरीही त्यांतून एक गोष्ट लक्षात येते. आपल्या कोष्टकातील ९ इंचांची वीत ही प्रौढ पुरुषाच्या सरासरी पल्ल्याच्या अगदी जवळ जाते. कापड किंवा जमीन मोजताना यामुळे फारसे बिघडत नाही, कारण तेथे वीत हे केवळ माप असते. पट्टीवाद्यात मात्र वीत प्रत्यक्ष काम करते. ७.४ इंचांवर हात टाकताना सरासरी पुरुषाच्या हाताला दीड इंचाची सवड उरते, तर सरासरी स्त्रीच्या हाताला अवघी अर्ध्या इंचाची. पहिला हात सैल राहून वाजवितो, दुसरा ताणलेल्या अवस्थेत. दोघांची बुद्धी, रियाज आणि स्वरज्ञान समान असले तरी श्रम समान राहत नाहीत.

हात ताणण्याचा युरोपातील इतिहास

सप्तकाची रुंदी साडेसहा इंचच असावी असा कोणताही निसर्गनियम नाही. अठराव्या शतकातील व्हिएन्नाच्या पियानोंची सप्तके आजच्यापेक्षा अरुंद होती. कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख यांनी १७५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वादनविषयक ग्रंथात अंगठ्याला अन्य बोटांच्या बरोबरीचे स्थान दिले. अंगठा बोटांखालून नेण्याच्या या तंत्रामुळे हात न ताणताही लांबचे स्वर गाठता येऊ लागले. एकोणिसाव्या शतकात मात्र पियानो अधिक भरभक्कम झाला, सभागृहे मोठी झाली आणि एका हाताने आठव्या, नवव्या, दहाव्या स्वरापर्यंत झेप घेणाऱ्या रचना रूढ झाल्या.

या बदलाबरोबर हाताला वळण लावणारी यंत्रेही आली. योहान बर्नहार्ड लोजिए यांनी १८१४ मध्ये पेटंट घेतलेल्या ‘कायरोप्लास्ट’ या चौकटीत विद्यार्थ्याचे हात आणि बोटे विशिष्ट स्थितीत अडकवून ठेवली जात. रॉबर्ट शूमान यांच्या उजव्या हाताचे बोट १८३० नंतरच्या काही वर्षांत निकामी झाले आणि त्यांची वादकाची कारकीर्द संपली. त्यांनी बोटांसाठी यंत्राचा वापर केला होता, परंतु इजेचे नेमके कारण आजही वादग्रस्त आहे. दुसऱ्या टोकाला बारा पांढऱ्या पट्ट्यांचे अंतर कवेत घेणारे सर्गेई राखमानिनॉव्ह यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या रचना पुढे सर्वच वादकांच्या वाट्याला आल्या. त्यांचा हात मात्र कोणाच्याही वाट्याला आला नाही.

हाताऐवजी वाद्य बदलण्याचे प्रयत्नही झाले. पॉल फॉन यांको यांनी १८८२ मध्ये पट्ट्यांच्या अनेक रांगा असलेली मांडणी तयार केली. तीत सप्तक आखूड झाल्याने लहान हातालाही मोठा पल्ला मिळत असे. विख्यात वादक योसेफ हॉफमान यांच्यासाठी स्टाइनवे कंपनीने किंचित अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवून दिले. अलीकडच्या काळात साडेसहा इंचांबरोबर सहा आणि साडेपाच इंचांची सप्तके प्रमाण म्हणून मान्य व्हावीत यासाठी प्रयत्न होत आहेत. साडेपाच इंचांच्या सप्तकात आठ पट्ट्यांचे अंतर सुमारे ६.३ इंच होते. तेथे ७.९ इंचांच्या हाताला १.६ इंचांची सवड मिळते, म्हणजे प्रचलित पियानोवर पुरुषाच्या सरासरी हाताला मिळते जवळजवळ तेवढीच. अडचण हाताच्या दुर्बलतेची नसून पट्टीच्या रुंदीची आहे, हे या साध्या गणितावरून स्पष्ट होते.

पाचगणीतील पियानो

सातारा जिल्ह्यात पियानो रुजला तो प्रामुख्याने पाचगणीच्या निवासी शाळांत. ब्रिटिश अमदानीत थंड हवेचे ठिकाण म्हणून वसलेल्या या गावी इंग्रजी धर्तीच्या शाळा उभ्या राहिल्या आणि त्यांच्याबरोबर पाश्चात्त्य संगीताचे शिक्षणही आले. येथील सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बुलसारा हा झांझिबारमध्ये १९४६ मध्ये जन्मलेला पारशी मुलगा पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगप्रसिद्ध झाला. पाचगणीत असताना त्याने पियानोचे शिक्षण घेतले, चौथ्या श्रेणीपर्यंतची परीक्षा दिली आणि शाळेतील मित्रांसह १९५८ मध्ये स्थापन झालेल्या ‘द हेक्टिक्स’ या वाद्यवृंदात तो पियानो वाजवीत असे.

या उदाहरणाचे महत्त्व केवळ प्रसिद्धीपुरते नाही. पियानोशिक्षणाची श्रेणीबद्ध परीक्षापद्धती हाताच्या वाढीचा विचार कसा करते, हे त्यावरून समजून घेता येते. आरंभीच्या श्रेणींत मुलाचा हात पाच पट्ट्यांवर स्थिर ठेवला जातो. नंतर अंगठा बोटांखालून नेऊन संपूर्ण सप्तक वाजविण्यास शिकविले जाते. सप्तकाची पूर्ण झेप एका हाताने घ्यावयास लावणाऱ्या रचना सामान्यतः पुढच्या श्रेणींसाठी राखलेल्या असतात. हात वाढेल तशी रचना वाढेल, असे यामागील तत्त्व आहे. बाल्यावस्थेतील हाताला या पद्धतीने न्याय मिळतो. परंतु वाढ पूर्ण झाल्यावरही ज्याची वीत आखूड राहते, त्याच्यासाठी या पद्धतीत वेगळी सोय नाही. त्याने वाढण्याची वाट पाहावी, एवढेच ती सांगते.

पेटी : एक हात भात्यावर

सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केले आणि मराठी रंगभूमीची वाट खुली झाली. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’नंतर (१८८०) संगीत नाटकाचा जो बहर आला, त्यात पुढे पायपेटी, ऑर्गन आणि हातपेटी यांनी साथीच्या वाद्यांत मानाचे स्थान मिळविले. गंधर्व नाटक मंडळीच्या (स्थापना १९१३) काळात ऑर्गनची साथ हे नाट्यसंगीताचे वैशिष्ट्यच ठरले. नाटकगृहातून पेटी घरात, भजनी मंडळात आणि कीर्तनात गेली. सातारा-सांगलीच्या गावोगावी पट्टीवाद्य म्हणून लोकांना परिचय झाला तो पियानोचा नव्हे, पेटीचा.

पेटीने हाताच्या पल्ल्याचा प्रश्न तीन प्रकारे सौम्य केला. पहिली गोष्ट भात्याची. हातपेटीत डावा हात भाता चालवितो, त्यामुळे स्वरांसाठी उजवा हात एकटाच उरतो. दोन्ही हातांनी स्वरसमूह उभे करण्याची पियानोची रीत येथे शक्यच नव्हती. दुसरी गोष्ट संगीताच्या प्रकृतीची. आपल्या संगीतात एका स्वरामागून दुसरा स्वर येतो. एकाच वेळी अनेक स्वर वाजविण्याची गरज नसल्याने हाताला ताणावे लागत नाही, तर सरकावे लागते. तिसरी गोष्ट यांत्रिक युक्तीची. कपलर असलेल्या पेटीत एक पट्टी दाबली की सप्तकाच्या अंतरावरील दुसरी पट्टी आपोआप दबते. जे पियानोवादक वीत ताणून साधतो, ते पेटीवादक एका बोटाने साधतो.

याच मालिकेत स्केल-चेंजर पेटीचाही समावेश करावा लागतो. गायकाची पट्टी काळी एक असो की पांढरी पाच, संपूर्ण पट्टीफलक सरकवून वादक आपल्या सवयीच्या बोटांनी वाजवू शकतो. अंगठा अन्य बोटांपेक्षा आखूड असल्याने काळ्या पट्टीवर तो टाकताना सारा हात पुढे न्यावा लागतो. ही अडचण या यंत्रणेने टाळली. पेटीच्या या सुधारणांमागे हाताच्या सोयीचा विचार उघडपणे दिसतो.

बावीस श्रुती आणि दहा बोटे

पेटीवरील मुख्य आक्षेप हाताशी संबंधित नव्हता, कानाशी होता. सप्तकाचे बारा समान भाग पाडल्यामुळे तिचे स्वर आपल्या रागसंगीताच्या स्वरांशी जुळत नाहीत, असे अनेक जाणकारांचे म्हणणे होते. त्यात तथ्य होते. ५:४ या प्रमाणातील गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर येतो, तर समान विभागणीतील गंधार ४०० सेंटवर. कोमल गंधाराची ३२:२७ आणि ६:५ ही दोन रूपे अनुक्रमे २९४ आणि ३१६ सेंटवर येतात, पण पेटीकडे त्या दोघांसाठी मिळून ३०० सेंटचा एकच स्वर असतो. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. तिच्या मुळाशी हाच आक्षेप होता.

तथापि या बंदीच्या तीन दशके आधीच सातारा-सांगली परिसरात या आक्षेपाला उत्तर शोधण्याचा प्रयत्न सुरू झाला होता. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती यांवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. मुंबई इलाख्यात सेवेत असलेले आय.सी.एस. अधिकारी ई. क्लेमेंट्स यांनी त्यांना साथ दिली आणि १९१३ मध्ये भारतीय संगीताचा परिचय करून देणारे स्वतःचे पुस्तक लिहिले. या दोघांनी फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेद्वारे आपले कार्य पुढे नेले. पुढे मिरजेत स्थायिक झालेले किराणा घराण्याचे अध्वर्यू अब्दुल करीम खाँ यांचे या प्रयोगांना साहाय्य लाभले. श्रुतींनुसार लावलेली हार्मोनियम लंडनच्या मूर अँड मूर या कंपनीकडून तयार करून घेण्यात आली. बडोद्यास १९१६ मध्ये भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत श्रुतींचा आणि या वाद्याचा ऊहापोह झाला, पण एकमत झाले नाही.

हा वाद आजवर श्रुतींच्या गणिताचा आणि शास्त्रप्रामाण्याचा वाद म्हणूनच अभ्यासला गेला आहे. हाताच्या बाजूने पाहिल्यास त्यात आणखी एक अडचण दिसते. सप्तकात बारांऐवजी बावीस पट्ट्या बसवावयाच्या तर त्यांना जागा कोठून आणावयाची? पांढऱ्या पट्टीच्या रुंदीच्या बावीस पट्ट्या एका रांगेत मांडल्या तर सप्तक ५१७ मिलिमीटरचे, म्हणजे वीस इंचांहून अधिक होईल. ते दोन वितींतही मावणार नाही. उलट प्रचलित १६५ मिलिमीटरांत बावीस पट्ट्या कोंबल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला साडेसात मिलिमीटर येतील, आणि बोटाची रुंदी दर्शविणारे आपले अंगुळ तर १९ मिलिमीटरांचे आहे. बारा स्वरांचे पट्टीफलक टिकून राहिले त्यामागे पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्यांच्या दुमजली मांडणीचे कौशल्य आहे. पुढच्या बाजूस बोटाला पुरेशी रुंदी मिळते आणि तरीही बारा स्वर एका वितीच्या आत राहतात.

युरोपातही हीच कोंडी पूर्वी अनुभवास आली होती. निकोला व्हिचेंतिनो यांनी सोळाव्या शतकात सप्तकात छत्तीस पट्ट्यांचे वाद्य कल्पिले. आर. एच. एम. बोझांके यांनी १८७० नंतरच्या दशकात सप्तकात ५३ स्वरांची हार्मोनियम प्रत्यक्षात आणली. कानाला तृप्त करणारी ही वाद्ये सर्वसामान्य वादकाच्या हाती मात्र रुळली नाहीत. देवलांच्या प्रयत्नाकडे या पार्श्वभूमीवर पाहिले असता श्रुतींची संख्या वाढविणे हे गणिताने सोपे, पण हाताने कठीण होते, असे म्हणावे लागते.

एकविसाव्या शतकात डॉ. विद्याधर ओक यांनी सिद्ध केलेल्या बावीस श्रुतींच्या हार्मोनियमने या कोंडीतून वेगळी वाट काढली. तीत पट्ट्या बाराच आहेत. षड्ज आणि पंचम अचल ठेवून उरलेल्या दहा स्वरांना प्रत्येकी दोन श्रुती दिल्या की बेरीज बावीस होते, आणि कोणती श्रुती हवी ते खुंटी ओढून ठरविता येते. हाताचा पल्ला व बोटांची सवय यांना धक्का लागत नाही. अर्थात रागाला हव्या त्या श्रुती आधी निवडून ठेवाव्या लागतात, ही मर्यादा राहतेच. तरीही देवलांच्या काळात कान आणि हात यांच्यात जो पेच पडला होता, त्याची उकल हात न ताणता होऊ शकते, हे या रचनेने दाखविले.

मिरजेचा न्याय

पट्टीवाद्यांच्या या इतिहासाशेजारी मिरजेची तंतुवाद्यनिर्मिती ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शिकलगार समाजातील फरीदसाहेब आणि मोहिनुद्दीन यांनी शस्त्रांचे काम सोडून वाद्यांकडे वळण घेतले आणि मिरजेची सतार व तंबोरा देशभर नावाजले गेले. पंढरपूर भागातील भोपळे आणि मिरजेच्या कारागिरांचे हात यांच्या संयोगातून घडणाऱ्या या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

मिरजेत तंबोरा मर्दानी आणि जनानी अशा दोन प्रकारचा घडविला जातो. स्त्रीचा स्वर उंच, म्हणून तिच्यासाठी तारेची लांबी कमी, भोपळा लहान आणि सारे वाद्य आटोपशीर. येथे कारण हाताचे नसून आवाजाचे आहे, ही गोष्ट नीट लक्षात ठेवली पाहिजे. परंतु वृत्ती महत्त्वाची आहे. तंबोरा घडविण्यापूर्वी तो कोणासाठी, हे कारागीर विचारतो आणि माणसाप्रमाणे वाद्याचे माप ठरवितो. कारखान्यात तयार होणाऱ्या पियानोला आणि त्याच्या मागोमाग बाजारात आलेल्या पेटीला हा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. तेथे माप आधी ठरले आणि माणसे नंतर आली. एकाच मापाच्या वस्तू मोठ्या संख्येने तयार करण्याच्या औद्योगिक पद्धतीत सरासरीबाहेरचा हात हा वादकाचा दोष ठरतो. कारागिरीच्या पद्धतीत तो गिऱ्हाईकाने सांगावयाचा एक तपशील असतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, पियानोचे साडेसहा इंचांचे सप्तक आणि आपल्या कोष्टकातील ९ इंचांची वीत या दोहोंच्या मागे प्रौढ पुरुषाचा हात मापदंड म्हणून उभा आहे. दुसरा असा की, पेटीने कपलर व स्केल-चेंजर यांसारख्या युक्तींनी आणि एकस्वरी वादनपद्धतीमुळे हाताचा ताण मोठ्या प्रमाणावर कमी केला. आखूड वितीच्या मुलामुलींनाही पट्टीवाद्य शिकता आले, यात या सोयीचा वाटा आहे. तिसरा असा की, श्रुती-हार्मोनियमच्या मार्गातील अडथळा केवळ पंडितांच्या मतभेदांचा नव्हता. सप्तकात किती पट्ट्या बसू शकतात याला बोटाची रुंदी आणि हाताची वीत यांनीच मर्यादा घातली होती.

महाविद्यालयांच्या संगीत विभागांत आणि वर्गांत या निष्कर्षांना व्यावहारिक मोल आहे. विद्यार्थिनीची बोटे एखाद्या स्वरापर्यंत पोहोचत नाहीत तेव्हा रियाज वाढविण्याचा सल्ला दिला जातो. रियाजाने बोटांचा वेग, सफाई आणि जोर वाढतो. हाडांची लांबी वाढत नाही. ताणून वाजविण्याच्या हट्टाने मनगट व स्नायू दुखावण्याचा धोका असतो, हे ध्यानात घेऊन बोटांचा क्रम बदलणे, स्वरसमूह मोडून वाजविणे किंवा योग्य मापाचे वाद्य निवडणे हे मार्ग शिक्षकाने आधी तपासावयास हवेत. अर्ध्या इंचाची सवड आणि दीड इंचाची सवड असलेल्या दोन हातांना एकाच कसोटीला लावताना गुणवत्तेबरोबर मापाचाही निकाल लागत असतो, याची जाणीव परीक्षकाने बाळगली पाहिजे. मिरजेचा कारागीर वाद्याला हात घालण्यापूर्वी जे विचारतो, ते विचारण्याची जबाबदारी पट्टीवाद्याच्या बाबतीत शिक्षकावर येऊन पडते.